रिकाम्या रांगेतल्या तंदुरुस्त पेशी

मंगळवार, ९ सप्टेंबर

दुरुस्ती. काल मी लिहिलं आहे की प्लेटमधल्या शेवटच्या रांगेतल्या पेशी सगळ्यांत तंदुरुस्त निघाल्या. ते चूक आहे. त्या रांगेत पेशी नव्हत्याच.

आज सकाळी इन्क्युबेटर पुसताना मागच्या कोपऱ्यात एक नळी सापडली. झाकणावर माझ्याच अक्षरात 'रांग आठवी'. आत पेशी, न वापरलेल्या, तिथंच बसून बसून मेलेल्या. मग काय झालं ते आठवलं. शुक्रवारी मी सात रांगा भरल्या आणि आठवी भरणार तेवढ्यात यंत्र सांभाळणाऱ्या बोक्यानं दारातून विचारलं, फ्रिजमधलं दूध कोणाचं आहे. ते माझं होतं. मी तसं सांगितलं. तो "बरं" म्हणाला आणि प्यायला. या अन्यायाचा विचार करत मी परत वळले आणि आठवी रांग भरून झाली असं समजून झाकण लावलं. पुढे इतर रांगांसारखीच तिच्यातही काजळी घातली, पिवळा रंग घातला, आणि काल यंत्रानं सांगितलं: एकशे सहा टक्के जिवंत.

मुळात एकही नाही, आणि त्यातले एकशे सहा टक्के जिवंत. मी काल त्यावर "फार छान" असंही लिहिलं आहे. तेही मागे घेते.

आत्यानं शिकवलेलं आहे की लिहिताना वाचणाऱ्याला काही ठाऊक नाही असं धरावं, वाचणारे आपणच असलो तरी. तर सांगते. लिंबात असतं तसलं आम्ल बंद भांड्यात भाजलं की तपकिरी पाणी तयार होतं. त्या पाण्यात कार्बनचे कण असतात, इतके बारीक की केसाच्या जाडीत हजारो शेजारी शेजारी बसतील. त्यांना काहीतरी लांबलचक नाव आहे, पण आमच्या प्रयोगशाळेत सगळे काजळी म्हणतात. या कणांच्या पाठीवर औषध बांधता येतं. आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख, म्हणजे सर, म्हणतात, पेशी म्हणजे तुसडी घरमालकीण, अनोळखी औषधाला ती दारातूनच वाटेला लावते. काजळी म्हणजे शेजारचं पोर, ते न विचारता थेट आतल्या खोलीत जातं. मात्र हे पोर घरात शिरून घर पाडत नाही ना, हे आधी सिद्ध करावं लागतं. ते इथंच काम करणाऱ्या माझ्या ताईनं सिद्ध केलं आहे. तिचा प्रबंध त्यावरच आहे.

सिद्ध करायची रीत अशी. हाताच्या पंजाएवढी प्लॅस्टिकची प्लेट, तिच्यात बारीक वाट्यांच्या आठ रांगा. वाट्यांत पेशी घालायच्या, त्यांना काजळी पाजायची, मग पिवळा रंग घालायचा. जिवंत पेशी पिवळ्याचा जांभळा करतात. मेलेल्या करत नाहीत. यंत्र किती जांभळं झालं ते बघतं आणि किती जिवंत ते सांगतं.

रिकाम्या रांगेतला पिवळा मग जांभळा कोणी केला?

माझीच काहीतरी गफलत असणार. पिपेट धुतलं नसेल. शेजारच्या रांगेतले शिंतोडे उडाले असतील. शिंतोड्यांनी एकशे सहा टक्के होतात का, ते मला माहीत नाही.

बुधवार, १० सप्टेंबर

यंत्र बोक्याच्या ताब्यात असतं, म्हणून आधी त्याला सांगणं भाग होतं. बोका हे त्याचं नाव सगळ्यांनी ठेवलेलं आहे आणि तो स्वतःही दारावरच्या पाटीवर तेच लावून बसला आहे. थंडी असो वा उकाडा, तो इन्क्युबेटरला पाठ टेकून बसतो, कारण ते उबदार असतं.

"म्हणजे पेशी नाहीत आणि जीव आहे," तो म्हणाला.

"हो."

"यंत्र बरोबर आहे. भुतं असतील."

"मी गंभीरपणे विचारतेय."

"मीही गंभीर आहे. तू इथं आल्यापासून मी दुसरं काही असू शकतो का? पहिल्याच दिवशी तू सरांकडे जाऊन सांगितलंस की हातमोज्याची एक जोडी जास्त वापरली म्हणून. सर आठवडाभर ती गोष्ट सगळ्यांना सांगत होते."

ती जोडी खरंच जास्त होती. फाटली नव्हती, मला फक्त तसं वाटलं होतं.

शेवटी ठरलं की परत करून बघायचं. या वेळी एका रांगेत नुसत्या पेशी, तुलनेला. एका रांगेत नुसती काजळी. एकात उकळून मारलेल्या पेशी आणि काजळी. बोका म्हणाला, रांगा उरतातच आहेत तर त्यात लिंबाचा रस घालू. मी म्हणाले, हा काय प्रयोग झाला. तो म्हणाला, "काजळी लिंबाच्या आम्लाची, मग लिंबू तिचं माहेरच की." मग त्यानं आपल्या पेल्यातला चहाही एका रांगेत घातला. मी बघत राहिले. थांबवायला हवं होतं, हे नोंदवते.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

निकाल. नुसत्या पेशी: शंभर टक्के, म्हणजे तुलनेचं माप. नुसती काजळी: एकशे तीन. उकळून मारलेल्या पेशी आणि काजळी: एकशे एक. लिंबाचा रस: एकशे वीस. बोक्याचा चहा: एकशे बेचाळीस.

म्हणजे या खोलीतली सगळ्यांत जिवंत वस्तू चहा आहे.

बोका जमिनीवर बसून हसला. हसता हसता म्हणाला, "मी दिवसातून सहा कप पितो. मी अमर आहे." मलाही हसू आलं, पण तोंड दाबून ठेवलं, कारण त्याच क्षणी मला कळलं होतं की काय झालं आहे. लिंबू, चहा, काजळी, या सगळ्यांत असं काही तरी आहे जे पिवळ्या रंगाला आपलं आपण जांभळं करतं. पेशींची गरजच नाही. ताईचा प्रबंध म्हणतो की काजळी पेशींना मारत नाही. पण पेशी जगल्या काय आणि मेल्या काय, काजळी आपली जांभळी रांगोळी काढून मोकळी होणार.

सरांनी हे कसं बघितलं नाही? बघितलं आहे, अर्धं. काजळीचा स्वतःचा तपकिरी रंग मोजून त्यांनी तो वजा केलेला आहे. पण तो मोजला साध्या पाण्यात. पिवळ्या रंगाशी तिची गाठ कोणी घालून दिलीच नाही. आत्या म्हणते, भांड्याचं वजन वजा करताना झाकण विसरू नये. आत्या झाकण विसरत नाही. सर विसरले. ताई विसरली, हे मला पटत नाही. ताई बूट काढून ठेवतानासुद्धा जोडीचं टोक जुळवते.

शनिवार, १३ सप्टेंबर

ताई माझी मामेबहीण. मी इथं आहे ती तिच्यामुळे. वडील पूल बांधायच्या कामावर होते. एक पूल संपला की आमचं बिऱ्हाड दुसऱ्या नदीवर. शाळा कुठलीच धड जमली नाही, म्हणून चौदाव्या वर्षापर्यंत मला आत्यानंच शिकवलं, ओट्यावर बसवून, भाजी निवडता निवडता. पुढे परीक्षा दिल्या, पदवी घेतली, तरी माझे कागद बघून लोक भुवया उंचावतात. सरांनीही उंचावल्या होत्या. ताईनं त्यांच्याकडे महिनाभर माझं घोडं पुढे दामटलं, तेव्हा कुठे मला सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलं. काम नीट वाटलं तर ठेवतील.

घेण्याआधी ताईनं मला एकच प्रश्न विचारला होता. "तू अजून आपल्या चुका आपणच जाऊन सांगतेस का गं?" मी लाजून हो म्हणाले. ती म्हणाली, "मग चालेल." मला वाटलं होतं ती चेष्टा करते आहे.

आज आत्यापासून लपवायचं ठरवलं होतं. कारण आत्याचं आणि मामीचं वाकडं आहे. माझ्या आईबाबांच्या लग्नाच्या फोटोत मामी ऐन वेळी आत्याच्या पुढे येऊन उभी राहिली, आणि फोटोत आत्याचा फक्त अंबाडा आला. या गोष्टीला सव्वीस वर्षं झाली. मामीच्या मुलीचा प्रबंध बुडीत निघतोय हे आत्याला कळलं तर ती पेढे वाटेल, अशी माझी भीती.

"काय झालंय?" आत्यानं विचारलं.

"काही नाही."

"दोनदा मीठ घातलंस."

मग सांगितलं. सगळंच सांगितलं. आत्या सुरी हातात धरून ऐकत राहिली. पेढ्यांचं काही बोलली नाही.

"तिला माहीत आहे?"

"नाही."

"तिला सांगितलंस?"

"नाही ना."

"मग माहीत नाही हे तुला कसं माहीत?"

आत्याला वाद घालायची सवयच आहे. ताईला माहीत असतं तर ती गप्प बसली असती का? ताई तशी नाही.

सोमवार, १५ सप्टेंबर

व्हायचं तेच झालं. आज सरांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं की शुक्रवारी, सव्वीस तारखेला, ते ताईच्या प्रबंधावर सही करणार. पुढच्या महिन्यापासून शेजारच्या इस्पितळातले लोक ताईनं ठरवलेल्या मात्रेनं जनावरांवर काम सुरू करतील. ताईची दूरच्या गावी नोकरी ठरलेली आहे. सही झाली की ती निघेल. सर इतके खुशीत होते की त्यांनी बोक्यालाही "शाब्बास" म्हटलं. बोका म्हणाला, "कशाबद्दल, सर?" सर म्हणाले, "असू दे. कधीतरी उपयोगी पडेल."

आणि सहीच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, आंधळी प्लेट.

ही आमच्याकडची जुनी रीत. सर तरुण असताना त्यांनीच ती सुरू केली. ज्याचा प्रबंध, त्यानं सगळ्यांसमोर एक प्लेट वाचून दाखवायची, आणि त्या प्लेटच्या कुठल्या रांगेत काय आहे ते त्याला माहीत नसतं. रांगा भरतं ते प्रयोगशाळेत सगळ्यांत नवं आलेलं माणूस. सर म्हणाले, "नवा माणूस कोणाच्या बाजूचा नसतो." बोका माझ्या कानात म्हणाला, "आता नुसतं नाटक असतं ते. ज्याचा प्रबंध तोच आदल्या दिवशी नव्या माणसाला सांगतो काय घालायचं. मग टाळ्या, मग केक."

सगळ्यांत नवी मी.

सर म्हणाले, "ही लावेल. ही तर हातमोजेसुद्धा मोजते." सगळे हसले. ताई हसली नाही, ती माझ्याकडे बघत होती. मी नजर चुकवली. तिला वाटलं असेल मला उन्हाचा त्रास होतोय, कारण नंतर तिनं मला पाण्याची बाटली आणून दिली.

मंगळवार, १६ सप्टेंबर

आज ताईला सांगायचंच असं ठरवून गेले. ती हात धुत होती.

"ताई, पुढच्या गुरुवारच्या प्लेटबद्दल थोडं..."

"नको." तिनं नळ बंदसुद्धा केला नाही. "प्लेटबद्दल मला काही सांगायचं नाही. नियम आहे."

"पण बोका म्हणाला की तूच मला सांगतेस काय घालायचं."

"बोका दूध चोरतो. त्याचे नियम त्याला असू दे."

"मग मी काय घालू?"

"तुला वाटेल ते घाल."

असं म्हणून ती हात पुसत राहिली. कोरडे झाले तरी पुसत होती.

एवढा भरवसा. कुणी आपल्या हाती सुरी देऊन मान पुढे करावी आणि वर म्हणावं, काप जिथं काकडी दिसेल तिथं, तसं झालं मला.

आता पेच असा. आधी सांगितलं तर आंधळ्या प्लेटचा नियम मोडतो. नाही सांगितलं तर ताईला सगळ्यांदेखत तोंडघशी पाडल्यासारखं होतं. खरं दोन्हीकडे आहे, आणि दोन्हीकडे मी वाईट ठरते.

गुरुवार, १८ सप्टेंबर

पिवळा रंग खोटं बोलतो, पण डोळे बोलत नाहीत. मेलेल्या पेशीला निळा रंग पाजला की ती निळी होते, कारण तिच्या दाराला कडी उरलेली नसते. जिवंत पेशी निळा आत घेत नाही, पांढरी चमकत राहते. मायक्रोस्कोपखाली बसून एकेक मोजायची. कंटाळवाणं आहे म्हणून कोणी करत नाही.

अडचण एवढीच की मायक्रोस्कोपच्या खोलीची किल्ली ताईकडे असते, आणि मागितली तर ती विचारणार, कशाला. पण आज नशीब बघा. सकाळी आले तर किल्ली माझ्याच टेबलावर. ताई हल्ली फार विसराळू झाली आहे, प्रबंधाचा ताण असणार. खोलीत गेले तर मोजायच्या काचा धुऊन पुसून रांगेत ठेवलेल्या, निळ्या रंगाची बाटली ताजी, झाकणाचं सीलही न फोडलेलं. कोणीतरी आपल्या कामासाठी तयारी करून ठेवली असणार. मी चिठ्ठी लिहून ठेवली: "तुमच्या काचा वापरल्या, धुऊन ठेवीन, माफ करा." संध्याकाळी चिठ्ठीखाली कोणीतरी लिहिलेलं होतं: "हरकत नाही." अक्षर छापील. कोण आहे ते कळलं नाही, पण भला माणूस आहे.

बोका मोजायला मदत करायला आला. मी "जिवंत" म्हटलं की त्यानं डावीकडचं बटण दाबायचं, "मेली" म्हटलं की उजवीकडचं.

"जिवंत. जिवंत. मेली. मेली. मेली."

"जरा दया दाखव की."

"दया दाखवून जिवंत होत नाही ती."

"माझ्याकडे बघून बोललीस की काय?"

"नाही. पेशीकडे बघून."

"तेच म्हणतोय," बोका म्हणाला. मग म्हणाला की उद्यापासून तो माझं दूध पिणार नाही, उलट माझ्यासाठी आणून ठेवील. माणसं विचित्र वागतात. बहुधा त्याला भीती वाटतेय की मी त्याच्यावरही तक्रार करीन.

निकाल: ताईच्या प्रबंधातल्या मात्रेला निम्म्याहून जास्त पेशी मेलेल्या. दोनदा मोजलं. मग माझी जागा बोक्याला दिली आणि त्याच्याकडून मोजून घेतलं. तितक्याच.

पण एक गोष्ट आहे. मात्रेचा दहावा भाग घातला तर जवळपास सगळ्या जगतात. आणि ताईच्याच प्रबंधात मागच्या पानांवर आहे की दहाव्या भागानंसुद्धा औषध आत जातं. कमी, पण जातं. म्हणजे काजळी वाईट नाही, आपणच ती ओतली ओंजळीनं. शेजारचं पोर बरं आहे हो, पन्नास पोरं एकदम घरात सोडली तर कोण मालकीण जगेल.

यानं ताईचा प्रबंध वाचतो. पण परत सगळं मोजायचं म्हणजे वर्ष गेलं. आणि नोकरी गेली.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

पोट बिघडलं. फ्रिजमध्ये माझ्या नावाच्या दुधाच्या चार पिशव्या. एवढं दूध कोण पिणार?

रविवार, २१ सप्टेंबर

मामाकडे ताईच्या निरोपाचं जेवण. आत्याला येऊ नको म्हटलं होतं, म्हणून ती आली.

मामीनं दारातच सगळ्यांना नवी बॅग दाखवली. "आत्याबाई, बघितलीत का? चाकं चारी बाजूंना फिरतात."

"छान," आत्या म्हणाली. "म्हणजे माणसाला फिरायला नको."

"आमच्या मुलीला आता कुठं कुठं जावं लागेल."

"जाऊ दे की. मध्ये कोणी उभं राहिलं नाही म्हणजे झालं."

मी आत्याच्या पायावर पाय दिला. तिनं माझ्या पायावर दिला, जोरात.

जेवताना मामी म्हणाली, "घ्या ना अजून. आमच्याकडे मोजून वाढत नाहीत."

"दिसतंय," आत्या म्हणाली. मला घास लागला. ताई एकदम खो खो हसली, इतकी की मामानं तिच्या पाठीवर थापटलं. मला कळेना, यात हसण्यासारखं काय होतं. आत्या मात्र ताईकडे टक लावून बघत राहिली, भाजीवाल्याच्या काट्याकडे बघते तशी.

"तिकीट काढलंस का गं?" मामानं ताईला विचारलं.

"गुरुवार होऊ दे, मग बघू."

तिकिटासारख्या बाबतीत ताई इतकी ढिली कधी नव्हती. वाट करायला म्हणून मी ती चार चाकांची बॅग उचलली तर पिसासारखी हलकी. आत काही नाही. पाच दिवसांवर जाणं आलंय आणि भरायला सुरुवातसुद्धा नाही. शिवाय परवा तिनं पेशींची नवी खेप मागवली, वर्षभर पुरेल एवढी. जाणाऱ्या माणसाला कशाला? मी तिला हे सांगणार होते, म्हणजे तिची चूक दुरुस्त होईल. मग वाटलं, आता तिच्या आणखी चुका काढायला नकोत.

घरी येताना मी आत्याला म्हणाले, "तू काही बोलली नाहीस, बरं झालं."

"काय बोलणार होते?"

"मामीला खाली बघायला लावलं असतंस."

"तिच्या मुलीला खाली बघायला लावून?" आत्या म्हणाली. "ती पोर घाबरलेली नाही."

"मग?"

"दमलेली आहे. वाट बघून माणूस दमतं."

कसली वाट, असं मी विचारलं. आत्या म्हणाली, "रिक्षा बघ."

मंगळवार, २३ सप्टेंबर

आज शेवटचा प्रयत्न केला. ताईला जिन्यात गाठलं आणि डोळे मिटून एका दमात म्हणाले, "ताई, मला तुला दुखवायचं नाही."

ती खालच्या पायरीवर थांबली. "कशानं दुखावणार आहेस?"

"प्लेट."

"परत तेच."

"मी सोपी लावू शकते. तू जसं लिहिलं आहेस तसंच दिसेल अशी."

हे बोलल्याबद्दल मला लाज वाटते, पण बोलले आहे म्हणून लिहिते. एवढं मी तिला देऊ केलं होतं, आणि त्या क्षणी दिलंही असतं.

ताई दोन पायऱ्या चढून वर आली. तिनं माझ्या ओढणीचं टोक धरलं, लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तसं.

"माझी दया येऊन सोपी लावलीस ना," ती म्हणाली, "तर जन्मात बोलणार नाही तुझ्याशी. तुला सरांकडे आणायला मी काय केलंय ते तुला माहीत नाही."

"माहीत आहे गं. उपकार आहेत तुझे."

"उपकार नाहीत," ती म्हणाली आणि हसली आणि तिचे डोळे भरले, सगळं एकदमच. "लाव अवघड. अवघडातली अवघड लाव. आणि गुरुवारी माझं वाचून झालं की तू गप्प बसू नकोस. सरांसमोर कोणी बोलत नाही. मलाही नाही जमलं कधी."

बिचारीला वाटतंय की मी तिला दोन-चार हट्टी पेशी देऊन तिची परीक्षा बघणार आहे. तिला काय कल्पना. पण आता ती स्वतःच म्हणाली आहे, अवघड लाव. नियमही तेच म्हणतो. आणि इस्पितळातले लोक पुढच्या महिन्यात तीच मात्रा घेऊन बसतील, ती जनावरं तर कुणाला नियम विचारूही शकत नाहीत.

म्हणून ठरवलं.

पहिल्या रांगेत नुसत्या पेशी. दुसऱ्या रांगेत पेशी आणि ताईच्या मात्रेची काजळी. तिसऱ्या रांगेत उकळून मारलेल्या पेशी आणि तीच काजळी. चौथ्यात नुसती काजळी. पाचव्यात चहा. चहाची रांग ठेवावी का, यावर बराच विचार केला. ती निव्वळ खोडी आहे. मग वाटलं, बाकीच्या रांगा सर विसरतील, चहा जिवंत निघालेला जन्मात विसरणार नाहीत. ठेवली. शेजारी मायक्रोस्कोप लावून ठेवणार, खाली दोन काचा: एक ताईच्या मात्रेची, एक दहाव्या भागाची. ज्याला बघायचं त्यानं वाकून बघावं. दहाव्या भागाची काच आधी ताईला दाखवणार, सरांना नंतर. एवढा पक्षपात मी करणार आहे.

सर मला काढून टाकतील. सहा महिन्यांची बोली, त्यातले चार झाले. आत्याला म्हणाले, काढलं तर? ती म्हणाली, "मग ये घरी. भाजी निवडायला कोणी नाही." हा धीर होता की धमकी, ते कळलं नाही.

संध्याकाळी माझ्या खोलीत भिंतीकडे तोंड करून म्हणून बघितलं. "चौथ्या रांगेत पेशी घातल्याच नव्हत्या, सर."

स्वयंपाकघरातून आत्याचा आवाज आला. "ऐकू येत नाही."

मोठ्यानं म्हणाले.

"शेवटी पडतोय आवाज. 'सर' आधी घाल आणि मग श्वास घे. आणि हात मागे नको बांधूस, चोरी केल्यासारखी दिसतेस."

तिला भिंतीपलीकडून माझे हात कसे दिसले कोण जाणे. सोडले. परत म्हणाले.

"आता ठीक," आत्या म्हणाली. "आता एकदा न रडता."

सर, चौथ्या रांगेत पेशी घातल्याच नव्हत्या. म्हणायची वेळ: गुरुवार, २५ सप्टेंबर, सकाळी अकरा.